घाटातून जाणाऱ्या बसगाड्यांसाठी जीपीएसचा नीट वापर
मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कंपनीच्या किंवा सहलीच्या बसगाड्या पाठवणाऱ्या मालकांकडे जीपीएसने गाडीचा ठावठिकाणा कळवणारे व्हीएलटी यंत्र बहुधा असतेच, कारण १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना (रिक्षा वगळता) ते पॅनिक बटणासह सक्तीचे आहे. पासिंगपुरते बसवलेले हे यंत्र पुढे केवळ गाडी कुठवर आली एवढे पाहण्यासाठी वापरले जाते. वास्तविक जोराचा ब्रेक, वेडेवाकडे वळण आणि वेगमर्यादेचा भंग यांच्याही नोंदी त्यात मिळतात.

प्रथम कोणती नोंद ठेवली जाणार आणि ती कोण पाहणार, हे चालकांना लेखी कळवावे. त्यानंतर बोरघाटाचा पट्टा नकाशावर स्वतंत्र आखून त्याला घाटातील फलकावरची मर्यादा द्यावी. साऱ्या मार्गासाठी एकच मर्यादा ठेवली, तर सपाटीवर योग्य असलेल्या वेगाने बस घाट उतरू लागली तरी इशारा येत नाही.

जोराच्या ब्रेकची नोंद दिसली की आधी जागा पाहावी, चालकाचे नाव मागाहून. निरनिराळ्या चालकांचे ब्रेक एकाच ठिकाणी लागत असतील, तर तिथे बहुधा कोंडीचे शेपूट असते आणि मागच्या गाड्यांना निघण्यापूर्वीच सूचना देता येते. एकाच चालकाचे ब्रेक जागोजागी लागत असतील, तर तो बहुधा पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवत नाही. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड मात्र नुसत्या जीपीएसला कळत नाही. त्यासाठी इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) नोंदवणारी जोडणी घ्यावी लागते: वेग वाढतो आहे आणि आरपीएम मात्र आयडलवरच, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना असते तेवढेच आहे, असे दिसले की चालकाशी त्याच दिवशी, पण फेरी संपल्यावर, बोलावे. न्यूट्रलमध्ये सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात.

कोंडीसाठी वाराप्रमाणे घाट चढायला लागलेला वेळ काढावा. शनिवारी सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या फेरीला मंगळवारचे वेळापत्रक लावणे म्हणजे चालकाला पुढे वेग वाढवायला आपणच सांगणे होय. पहिली बस घाटात अडकल्यास मागच्या बसला घाटाआधीच्या फूड मॉलवर थांबवावे; मात्र तो निरोप चालू गाडीत चालकाला न देता सोबतच्या मदतनिसाला द्यावा.