व्ही-८ स्पीडबोटीचं इग्निशन वायरिंग: आधी बॉक्सला पोटभर करंट द्या

कार्ब्युरेटरवालं पेट्रोल व्ही-८ इंजिन, मर्क्रूझरसारखं शेव्रोलेटच्या ब्लॉकवर बांधलेलं, आणि त्यावर एमएसडी कंपनीचा मरीन सीडीआय बॉक्स (ठिणगीसाठी कॉइलला जोरदार झटका देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी): हा लेख या जोडीपुरता आहे. वायरींचे रंगही त्याच बॉक्सचे दिले आहेत. आउटबोर्डवाल्यांनी (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) फक्त किल स्विचचा, म्हणजे दोर ओढला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचचा, भाग वाचला तरी चालेल.

ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा, इंजिनाचं झाकण उघडून वास घ्या, मगच बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती उडून जाते, पण बोटीत तळाशी साचून राहते. म्हणून मोटारीचा डिस्ट्रिब्युटर, आल्टरनेटर किंवा स्टार्टर स्वस्तात मिळतो म्हणून बसवू नका. मरीन डिस्ट्रिब्युटरच्या हवेच्या भोकांना जाळी असते, त्यामुळे आतला भडका आतच विझतो. यावर मी कुणाशी वाद घालत बसत नाही.

बॉक्स इंजिनावर नको. बाजूच्या भिंतीवर, तळाच्या पाण्यापासून उंच, रबरी बुशांवर आणि वायरी खालच्या बाजूने निघतील असा बसवा.

आता खरी डोकेदुखी. फुल थ्रॉटलला बोट मिसिंग मारायला लागली की लोक आधी कॉइल बदलतात, मग प्लग, मग कार्ब्युरेटर खोलून जेट साफ करतात. शेवटी बॉक्सच खराब ठरवून नवा मागवतात. बहुतेक वेळा बॉक्स ठणठणीत असतो, त्याला करंट पुरत नसतो. हा बॉक्स साधारण दर हजार आरपीएमला एक अँपिअर खातो. जेटीवर आयडलला उभी असताना सगळं गोड चालतं आणि साडेपाच हजारांवर रड सुरू होते, ती यामुळेच.

करंट जातो कुठे? इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत, तिथून चावी, किल स्विच, आणि पुन्हा जांभळ्या वायरीने इंजिनाकडे. वाटेत हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) मोठा प्लग, त्याच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या. प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज गळतं. आणि लोक करतात काय, तर बॉक्सच्या जाड आणि बारीक अशा दोन्ही लाल वायरी एकत्र पिळून याच जांभळ्या वायरीला जोडतात. हे करायचं नाही. जाड लाल वायर बॅटरीच्या मेन स्विचनंतरच्या टोकाला, मध्ये फ्यूज घालून, स्वतंत्र न्या. फ्यूज त्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॉक्सजवळ लावलेला फ्यूज बॉक्स वाचवेल, पण वाटेत घासलेली वायर पेटली तर त्याचा काही उपयोग नाही. जांभळी वायर फक्त बारीक लालला. ती नुसता ‘चालू हो’ म्हणून इशारा देते, तिच्यावर भार नसतो.

अर्थचंही तसंच. फायबरच्या बोटीला मोटारीसारखी बॉडी अर्थ नसते, हे माहीत असूनही लोक जवळच्या कुठल्यातरी ब्रॅकेटला काळी वायर कसतात. बॉक्सची जाड काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला, नाहीतर ब्लॉकवर जिथे मुख्य निगेटिव्ह केबल येते त्याच बोल्टला. बोल्टखालचा रंग खरवडून धातू चकचकीत करा.

तपासणी मीटरच्या बीपवर करू नका. वायरीतला एकच तंतू शाबूत असला तरी मीटर बीप देतो. इंजिन तीन हजारांवर चालवा, ब्लोअर चालू ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं बॉक्सच्या जाड लालवर. मग निगेटिव्ह आणि जाड काळीवर तेच करा. दोन्ही आकडे मिळून ०.३६ व्होल्टच्या आत हवेत. १२ व्होल्टचे ते ३ टक्के होतात. जास्त आला तर एकेक सांधा मधे घेऊन मोजत जा, चोर सापडतो.

वायर कथील चढवलेलीच घ्या. लोहार चाळीतली साधी तांब्याची वायर घरात उत्तम, समुद्रावर नाही. सोलून पाहिलं की कळतं: लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) चकाकत असतो, पण इन्सुलेशनच्या आत बोटभर लांबीपर्यंत तांबं काळं पडलेलं. लग नीट क्रिंप करा आणि वर गोंदवाली हीट श्रिंक घाला. नुसत्या सोल्डरवर वायर टांगू नका, हादऱ्यांनी तिथेच तुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वायरिंगच्या आसपासही नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

नारिंगी आणि बारीक काळी वायर कॉइलला, फक्त कॉइललाच. तिथे ४०० व्होल्टच्या वर असतात, टॅकोमीटर तिथे जोडलात तर तो गेलाच. त्याला बॉक्सवर वेगळं टोक आहे. पिकअपची (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) जांभळी-हिरवी जोडी पिळून, प्लग वायरींपासून लांब न्या. ती उलटी लागली तर टायमिंग भरकटतं.

प्लग वायरी सप्रेशनच्या, स्पायरल. सॉलिड कोअर वायरींचा गोंगाट बॉक्सला वेड लावतो. शेव्रोलेटचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात नंबरचे सिलिंडर शेजारी आहेत आणि पाठोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकाच क्लिपमध्ये समांतर बांधू नका. पाचाचा झटका सातात उतरतो, आणि पिस्टन वर येत असतानाच सात पेटतो. बूटमध्ये (प्लग वायरीच्या रबरी टोपणात) आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

बाकी सगळ्या वायरींना दर ४५ सेंटीमीटरला क्लिप.

किल स्विच विकत घेताना मीटरने बघा. मॅग्नेटोवर चालणाऱ्या आउटबोर्डचं इग्निशन वायर अर्थ केली की बंद पडतं, आपलं मात्र सर्किट तोडल्यावर. दोन्ही स्विच दिसायला सारखेच. आपल्याला दोर लावलेला असताना जोडलेला आणि ओढल्यावर तुटणारा हवा, तोही बारीक लालच्या वाटेत. बसवल्यावर आयडलला दोर ओढा. इंजिन जागच्या जागी थांबलं पाहिजे. फटफटत राहिलं, तर आल्टरनेटरच्या इशारा दिव्यातून करंट मागे येतोय, त्या वायरीत डायोड घाला. मेन स्विचने इंजिन बंद करून पाहू नका, आल्टरनेटरचे डायोड उडतात.

पहिल्या फेरीनंतर, इंजिन गार झाल्यावर, सगळे लगचे नट पुन्हा कसा.