“खयच्या पानार?” : रडवणारी कादंबरी मुलांबरोबर वाचताना

आमचं वाचनालय देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला आहे. दोन खोल्या, नऊ कपाटं, आणि पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून पुस्तकांमागे ठेवलेला कडुनिंबाचा पाला. दर जुलैत मी इथे अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर एक कादंबरी वाचते. जुलैच का, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे बापाबरोबर समुद्रात जाणारी पोरंही मोकळी असतात. कादंबरी बहुतेक वेळा तीच, जॉन ग्रीनची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’, २०१२ सालची. हेझल १६ वर्षांची, थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसांत उतरलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. ऑगस्टस १७ वर्षांचा, हाडाच्या कॅन्सरमुळे एक पाय गेलेला. दोघं प्रेमात पडतात. शेवट व्हायच्या आधीच आमची निम्मी मुलं डोळे पुसत असतात.

पलीकडच्या गावातल्या एका शिक्षिकेला आपल्या शाळेत हेच करायचं आहे. पुस्तक वाचून घेणं जमेल, पण नंतर रडणाऱ्या मुलांशी बोलायचं काय, असं त्यांनी विचारलं. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी पुस्तक आपण स्वतः दोनदा वाचा. पहिल्यांदा आपण रडतो. दुसऱ्यांदा कुणाला कुठे लागेल ते दिसायला लागतं. मग मुलांना आधीच सांगा की यात आजार आहे आणि मृत्यूही आहे. कोण जातं ते सांगू नका. “सांगितलंत तर मजा जाईल” असं काहीजण म्हणतील. पण ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलं आहे त्याला हे पुस्तक आज नको असेल, तर नाही म्हणायची संधी त्याला मिळायला हवी. अशा मुलाला दुसरं पुस्तक द्या आणि कारण विचारू नका.

पहिलं प्रकरण मी मराठीतून सांगते. आमची मुलं सेमी-इंग्रजीची आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण सुरुवातीला दडपण येतं. एकदा हेझलचा तिरकस बोलण्याचा सूर कानात बसला की पुढे ती आपली आपण वाचतात.

आता औषधाबद्दल. हे मी पहिल्या वर्षी केलं नाही आणि त्याचा सल अजून आहे. हेझल ज्या औषधावर जगते आहे, त्याचं नाव पुस्तकात फॅलँक्सिफॉर असं दिलं आहे. असं औषध जगात नाही, ते लेखकाने कल्पनेने रचलं आहे. मी त्याबद्दल काहीच बोलले नव्हते. चौथ्या दिवशी एक मुलगा सगळे गेल्यावर मागे थांबला. वहीचं मागचं पान उघडून त्याने पुढे केलं. त्यावर ते नाव इंग्रजीत लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. “काकी, ह्या औषधाचा नाव मी बरोबर लिवलंय मा?” त्याची मावशी परळला टाटामध्ये उपचार घेत होती. शनिवारी आई तिच्याकडे जाणार होती, तिच्याजवळ तो ही चिठ्ठी देणार होता. मला त्याला तिथल्या तिथे सांगावं लागलं. त्याने पान फाडलं नाही, वही मिटली आणि छत्री घेऊन गेला. तेव्हापासून पुस्तक हातात देतानाच मी सांगते की माणसं खोटी आहेत, औषध खोटं आहे, आजार मात्र खरा आहे. ऑगस्टसला झालेला हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसारकोमा, खरोखरच वाढीच्या वयातल्या मुलांत जास्त दिसतो आणि बहुधा गुडघ्याजवळ होतो. औषधाबद्दल काहीही विचारायचं असेल तर डॉक्टरांना विचारा, असंही त्याच वेळी सांगून टाका.

यानंतर पट्ट्या. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या बोटभर पट्ट्या कापा आणि प्रत्येकाला दहा-दहा द्या. वाचताना जिथे घशाशी आलं, राग आला किंवा पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, तिथे पट्टी ठेवायची. नाव घालायचं नाही, काही लिहायचं नाही.

जमल्यावर पहिली पंधरा मिनिटं काही विचारू नका. चहा द्या, पाऊस ऐकू द्या. मग विचारा ते एवढंच : कुठे? आमच्या भाषेत, “खयच्या पानार?” “का रडलास?” असं विचारलं की मूल स्वतःचा बचाव करायला लागतं, आणि “काय वाटलं?” म्हटलं की “छान वाटलं, वाईट वाटलं” एवढंच येतं. “कुठे?” म्हटलं की बोट पानावर जातं. मग मूल ते वाक्य वाचून दाखवतं, आणि वाचता वाचता बोलायला लागतं.

पट्ट्या कुठे पडतात ते पाहण्यासारखं असतं. मुलींच्या बऱ्याचशा, दोघं ॲमस्टरडॅमला जातात त्या प्रकरणांत, विशेषतः ऑगस्टस आपला आजार उलटल्याचं सांगतो त्या तेराव्या प्रकरणात. एक वर्ष चार आयाही वाचायला बसल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या चोविसाव्या प्रकरणात निघाल्या. तिथे हेझलला कळतं की आपल्यामागे काहीतरी करता यावं म्हणून आई गुपचूप शिकते आहे. मुलींनी ते प्रकरण भराभर वाचून टाकलं होतं. त्या दिवशी आयांनी मुलींना ते पुन्हा वाचायला लावलं.

जो रडला नाही त्याला मोकळं सोडा. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जाणारा एक मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, “माका कायेक वाटूक नाय.” मी म्हटलं, “बरं.” पाचव्या दिवशी त्याच्या पुस्तकात एकच पट्टी सापडली, अठराव्या प्रकरणात. ऑगस्टस रात्री एकटाच गाडी घेऊन सिगारेट आणायला पेट्रोल पंपावर जातो आणि तिथेच अडकतो, त्याच्याने काही होत नाही, तो प्रसंग. “तेका कोणाकच हाक मारूची नव्हती,” एवढंच तो म्हणाला. नंतर सगळे त्याच प्रसंगावर अर्धा तास बोलले. मुलग्यांकडून मी प्रेमाबद्दल जेवढं ऐकलं नाही, तेवढं त्या दिवशी लाजेबद्दल ऐकलं.

राग येणारे असतातच. “काकी, तो मेलो कित्याक?” हा प्रश्न दर वर्षी येतो. त्याला उत्तर द्यायची घाई करू नका, पुस्तकातच उत्तर आहे. हेझलची आवडती कादंबरी वाक्याच्या मधेच तुटते, आणि पुढे काय झालं ते विचारायला हे दोघं थेट ॲमस्टरडॅमला त्या लेखकाच्या दारात जातात. तो दारू प्यालेला, तुसडा माणूस, काहीही सांगत नाही. म्हणजे आपल्यासारखाच प्रश्न विचारणारे वाचक पुस्तकाच्या आत बसलेले आहेत. हे दाखवलं की मुलं सरसावून बसतात. जॉन ग्रीनने स्वतः लहान मुलांच्या रुग्णालयात काही महिने धर्मसेवक म्हणून काम केलं होतं, हेही मी इथेच सांगते, आधी नाही. आधी सांगितलं की मुलं पुस्तकाकडे पाहायची सोडून लेखकाकडे पाहतात.

पालक येतील. “असली प्रेमाची पुस्तकां पोरांक कित्याक देतास?” असं एका बापाने दारातूनच विचारलं. मी त्यांना बसवलं आणि विचारलं, तुम्ही लहानपणी ‘श्यामची आई’ वाचलंत तेव्हा कुठे रडलात? साने गुरुजी आपल्या दापोलीकडच्या पालगडचे, पुस्तक १९३५ सालचं. ते जरा थांबले आणि म्हणाले, आंघोळ केल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर ओचा पसरते, तिथे. कुठे ते त्यांना नेमकं आठवत होतं. मुलीचं नाव त्यांनी वहीतून काढायला लावलं नाही. आपल्याकडे करुणाला रस म्हटलं आहे, त्याचा स्थायीभाव शोक, आणि संस्कृत नाटककार भवभूतीने तर करुण हा एकच रस मानला. वाचून रडण्याला कमी लेखायची सवय आपल्याला कुठून लागली, मला समजत नाही.

शेवटच्या दिवशी पाच ओळी लिहून घ्या. अट एकच, ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ हे शब्द वापरायचे नाहीत. जागा सांगायची आणि तिथे आपल्याला काय दिसलं ते. एका मुलीने लिहिलं की हेझलची ऑक्सिजनची टाकी वाचून तिला आजोबांच्या खाटेजवळचं यंत्र आठवलं. रात्री त्याचा आवाज थांबला की घरातले सगळे जागे व्हायचे.

एखादं मूल दोन-तीन दिवस गप्प राहिलं, जेवत नसेल, किंवा जगण्याबद्दल वेगळं काही बोललं, तर ते पुस्तकामुळेच आहे असं धरून बसू नका. घरच्यांशी त्याच दिवशी बोला. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावले आहेत, बाहेर जाताना दिसतील असे.

पुस्तकं परत आली की पट्ट्या काढू नका. पुढच्या जुलैत नवं मूल पुस्तक उघडतं, त्याला अठराव्या प्रकरणात आधीच कुणाची तरी पट्टी सापडते, आणि ते विचारतं, “काकी, ही कोणाची?” मी सांगत नाही. त्याची पट्टी मी तिच्या शेजारी ठेवायला सांगते.