लाकडी खांब रोवण्याआधी बुडापासून ३ मीटरवर पट्टा मारा

तारांचा खांब आडवा आहे तोवरच टेप लावा आणि बुडापासून ३ मीटरवर रंगाचा ठळक पट्टा मारा. पहार, फावडं, घमेली, दोरखंड कोणी विसरत नाही; मागच्या खेपेला राहिला तो हा पट्टाच. खांब उभा राहिला की आत किती गेला ते दिसत नाही.

जमिनीखाली केबल किंवा पाइप नाही ना, ते खणण्याआधी विचारून घ्या.

खोलीचा हिशेब सोपा आहे: लांबीचा दहावा भाग अधिक ६० सेंटीमीटर. म्हणजे ९ मीटरच्या खांबाला १.५ मीटर, १२ मीटरच्याला १.८. हे घट्ट मातीत, सरळ ओळीतल्या खांबाला. जमीन भुसभुशीत किंवा पाणथळ असेल, नाहीतर तारा तिथे वळत असतील, तर निदान ३० सेंटीमीटर आणखी खणा. वरपासून सलग कातळ असेल तर १२ मीटरच्या खांबाला १.२ मीटर पुरतं, पण मुरमाला कातळ समजू नका. उतारावर खालच्या बाजूने मोजा.

खड्डा वरखाली सारख्या रुंदीचा हवा. बुडाभोवती १५ सेंटीमीटर जागा ठेवा, नाहीतर धुम्मस (माती ठोकायचं अवजार) उतरत नाही. खांब सोडण्याआधी तळाची सुटी माती काढा. खांब आत सरकताना कडा घासून आणखी माती पडतेच, आणि बघता बघता १.५ चे १.३ होतात. ही चूक फक्त पट्टा दाखवतो. १.५ मीटर गेलेल्या खांबाचा पट्टा जमिनीपासून १.५ वर, १.८ गेलेल्याचा १.२ वर. त्याहून उंच दिसला तर खांब उचला, तळ साफ करा, पुन्हा सोडा. माती लोटण्याआधी हे बघा, नंतर नाही. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणाल तर पहिल्याच वादळात खांब कलेल.

खांब लांब वाटला तरी बूड कापू नका. लाकूड कुजू नये म्हणून दिलेलं औषध बाहेरच्या थरात मुरलेलं असतं. कापलं की आतलं कोरं लाकूड ओल्या मातीला भिडतं आणि खालून कुजतं.

भराव १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी. एक जण माती टाकेल, तर दोघे-तिघे धुमसत राहतील. तळाचे थर सगळ्यात जास्त धुमसा. चिखल भरू नका, खडी किंवा मुरूम घ्या. ओळंबा दोन बाजूंनी. बुंध्याशी बाहेर उतरता उंचवटा करा, पण तो खोलीत धरू नका. तारा ओढण्याआधी पट्ट्यापासून मूळ जमिनीपर्यंत पुन्हा एकदा टेप लावा.