क्रूझला जाताना नावांपेक्षा तास वाचा: बुकिंगपासून उतरण्यापर्यंतचं मार्गदर्शन

क्रूझ निवडताना बहुतेक जण जहाज पाहतात: किती मजले, किती तरणतलाव, किती उपाहारगृहं. वारंवार जहाजाने फिरणारी माणसं आधी वेळापत्रक उघडतात. जहाज बंदराला किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं, आणि ज्या शहराचं नाव छापलंय ते बंदरापासून किती लांब आहे, यावर सहलीचं समाधान ठरतं. माझा आग्रह एवढाच आहे की पैसे भरण्याआधी हे गणित कागदावर मांडा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: वेळापत्रक तासांत मोजा

माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला. तिथून रोम सुमारे ७० किलोमीटरवर आहे. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जवळपास २०० किलोमीटर दूर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नम्युंड, म्हणजे बसने जायला साधारण तीन तास आणि यायला तेवढेच. व्हेनिसच्या जुन्या शहराजवळच्या कालव्यातून तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना बंदीच आहे. त्यामुळे व्हेनिसचं नाव छापलेल्या कित्येक सहली प्रत्यक्षात राव्हेन्नासारख्या दुसऱ्याच बंदरात सुरू होतात किंवा संपतात.

गणित असं करा. जहाज सकाळी ७ ला लागणार आणि संध्याकाळी ७ ला सुटणार असेल, तर ते १२ तास तुमचे नाहीत. उतरायची परवानगी मिळून तुम्ही धक्क्यावर येईपर्यंत ८ वाजतात. परत चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. रोमसाठी बंदरातून स्टेशन आणि पुढे रेल्वे धरून जाता-येता प्रत्येकी दीड ते दोन तास काढा. शिवाय परतीसाठी हाताशी दोन तास मोकळे ठेवा. उरतात साडेचार ते साडेपाच तास. तेवढ्यात एक मोठं ठिकाण नीट पाहून होतं, तीन होत नाहीत. हे आधी कळलं की यादी आपोआप छोटी होते आणि दिवस सुखाचा जातो.

दुसरी गोष्ट टेंडर बंदरांची. जिथे मोठं जहाज धक्क्याला लागू शकत नाही तिथे ते समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेलं जातं. त्या बोटींना टेंडर म्हणतात. ग्रीसमधलं सँटोरिनी हे त्याचं ठळक उदाहरण. बोट जुन्या बंदरापाशी सोडते आणि वर गावात जायला केबल कार घ्यावी लागते किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. एकाच दिवशी चार जहाजं आली की दुपारी खाली उतरण्याची रांग फार लांबते. समुद्र खवळला तर टेंडर बंद होतात आणि ते बंदर रद्द होतं. बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार कंपनी करारातच राखून ठेवते. म्हणून जे एकच ठिकाण पाहण्यासाठी तुम्ही जाताय ते टेंडर बंदर असेल, तर मी तरी तिथे जमिनीवरूनच जाण्याचा सल्ला देईन. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी तर वेळापत्रकात टेंडर किती आहेत हे पहिल्यांदा विचारावं.

ऋतूही पाहा. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. त्या काळात कॅरिबियनच्या सहली स्वस्त मिळतात, कारण जहाज वादळाला वळसा घालून भलत्याच बेटावर जाण्याची शक्यता असते. ज्यांना बेटापेक्षा समुद्र प्रिय आहे त्यांनी खुशाल जावं.

पायरी २: केबिन नकाशा पाहून निवडा

बोट लागण्याचा, म्हणजे समुद्रात मळमळण्याचा, ज्यांना त्रास होतो त्यांनी खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग निवडावा. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. पुढच्या टोकाला आणि उंचावर ती सगळ्यात जास्त असते. आधुनिक जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही.

त्रास होत नसेल तर आवाजाचा विचार करा. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक डेकचा नकाशा असतो. आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर तरणतलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि जहाज वळवणाऱ्या थ्रस्टरची घरघर जाग आणते. वर केबिन, खाली केबिन आणि लिफ्टपासून चार दारं दूर, ही सगळ्यात शांत जागा.

आतली, बिनखिडकीची केबिन कमी दर्जाची मानू नका. ती स्वस्त असते आणि झोपेला उत्तम, कारण दिवा विझवला की मिट्ट काळोख. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं दृश्य सतत चालू असतं. रात्री आवाज बंद करून ती वाहिनी लावून ठेवली की पहाट झालेली कळते. बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरकड्यांमधल्या अरुंद खाड्या) किंवा अलास्काच्या हिमनद्या असतील तिथे आनंदाने मोजते. तिथे दृश्य तासन्‌तास दोन्ही अंगांनी सरकत असतं.

‘गॅरंटी’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त दरात केबिनचा प्रकार नक्की असतो, जागा मात्र कंपनी ठरवते. झोप सावध असेल तर हा दर घेऊ नका.

पायरी ३: कागदपत्रं आणि विमा

पासपोर्ट सहल संपल्यानंतर निदान सहा महिने वैध असावा. व्हिसाचा प्रश्न इथे विमानप्रवासापेक्षा नाजूक असतो, कारण जहाज एका आठवड्यात अनेक सीमा ओलांडतं. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) भूमध्य समुद्रातली सहल करताना जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला गेलं, तर परत शेंगेन देशात शिरताना तो दुसरा प्रवेश मोजला जातो. म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसाच मागा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आहे, त्यामुळे त्याआधीची मार्गदर्शनं या बाबतीत जुनी झाली आहेत. बंदरात उतरणार नसलात तरी काही देशांचा व्हिसा जहाजावर चढतानाच तपासला जातो. तो नसेल तर चढू देत नाहीत.

विम्यात दोन शब्द शोधा: समुद्रावरील उपचार आणि आपत्कालीन स्थलांतर. जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि तातडीच्या उपचारांची सोय असते, पण गंभीर आजारात रुग्णाला किनाऱ्यावर न्यावं लागतं, कधी हेलिकॉप्टरने. त्याचा खर्च साधा विमा पुष्कळदा देत नाही. गर्भवतींसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा २४ आठवड्यांच्या आसपास असते. तान्ह्या बाळांसाठी साधारण सहा महिने, आणि महासागर ओलांडणाऱ्या सहलींसाठी अनेकदा एक वर्ष. आहाराचं पथ्य किंवा ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा.

पायरी ४: एक दिवस आधी पोहोचा

यात तडजोड करू नका. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. सामान मागे राहिलं तर ते पुढच्या बंदरात गाठ घालेलच असं नाही. निघण्याच्या शहरात आदल्या रात्री मुक्काम केला की ही सगळी धाकधूक संपते.

मोठी बॅग बंदरावर हमालांच्या ताब्यात जाते आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून पाठीवरच्या पिशवीत औषधं, पासपोर्ट, चार्जर, एक हलका कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे ठेवा. इस्त्री, किटली, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टर (वाढीव दाबापासून उपकरणं वाचवणारी सोय) असलेला विजेचा बोर्ड नेऊ नका, ते काढून घेतात. समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची असते, त्यामुळे ही तपासणी कडक असते. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात. चार मजबूत चुंबकी हुक नेले तर टोप्या, ओले कपडे आणि पिशव्या टांगायला हवी तेवढी जागा मिळते. सामानातल्या सगळ्यात उपयोगी वस्तूंपैकी ही एक.

पायरी ५: पहिले दोन तास

आधी सुरक्षा कवायत पूर्ण करा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात ती २४ तासांत घ्यायची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. हल्ली बरीचशी माहिती फोनवर किंवा टीव्हीवर दाखवतात, तरी संकटात आपण जमायच्या ठिकाणापर्यंत पायी चालत जा आणि केबिनपासूनचा जिना डोक्यात बसवा. सात छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा आपत्कालीन इशारा मुलांनाही सांगून ठेवा.

नंतर फोन विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रहावरून चालणारं नेटवर्क पकडतो, आणि जमिनीसाठी घेतलेला रोमिंग पॅक तिथे सहसा लागू नसतो. जहाजाचं वाय-फाय विमान मोडमध्येही चालतं.

जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी आगाऊ रक्कम अडवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला कित्येकदा बरेच दिवस लागतात. क्रेडिट कार्ड बरं. कर्मचाऱ्यांची टिप बऱ्याच कंपन्या दर माणशी दर दिवशी आपोआप लावतात, काही ती भाड्यातच धरतात. बुकिंगच्या वेळी पाहिलंत तर शेवटच्या बिलाने दचकायला होत नाही.

पायरी ६: तब्येत सांभाळा

बोट लागण्यावरचं औषध मळमळ सुरू झाल्यावर फार कमी उपयोगी पडतं. समुद्र खवळणार असल्याचं कळताच, निदान तासभर आधी घ्या. मेक्लिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येऊ शकते, म्हणून सोबत मद्य नको. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी सुमारे तीन दिवस चालते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही. मळमळ वाटू लागली तर केबिनमध्ये पडून राहू नका. उघड्या डेकवर या, क्षितिजाकडे बघा, पुस्तक आणि फोन बाजूला ठेवा. पोट रिकामं ठेवल्याने त्रास वाढतो.

नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची साथ जहाजावर वेगाने पसरते. दारात ठेवलेलं सॅनिटायझर त्यावर फारसं प्रभावी नाही. साबण आणि पाण्याने २० सेकंद हात धुणं हाच खरा उपाय. बुफेत एकच चिमटा शेकडो हात धरतात, म्हणून वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी हात धुवा. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वच्छता तपासून गुण जाहीर केले जातात. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. बुकिंगआधी ते पाहता येतात. उलट्या-जुलाब सुरू झाले तर दवाखान्याला कळवा. दोन दिवस केबिनमध्ये राहावं लागेल, पण लपवलं तर शेजारच्या वृद्ध प्रवाशाच्या जिवावर बेतू शकतं.

पायरी ७: बंदरातला दिवस

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ नेहमी एकच नसते. परत चढण्याची वेळ जहाजाच्या वेळेनुसार असते आणि फोन किनाऱ्यावर उतरताच आपण होऊन स्थानिक वेळ दाखवू लागतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून हातात ठेवा. धक्क्यावर धावत येणारी आणि डोळ्यांसमोर शिडी उचललेली पाहणारी माणसं मी वरच्या डेकवरून पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. मागे राहिलेल्यांना पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं.

जहाजाने आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरात पोहोचवण्याची सोय करतं. या सहली महाग असतात, पण ठिकाण दीड तासाहून लांब असेल तर मी त्याच घेते. जवळच्या गावात मात्र स्वतः फिरावं, मजा त्यात जास्त आहे. बंदराच्या स्थानिक एजंटचा दूरध्वनी जहाजाच्या रोजच्या पत्रकात असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

पाहिलेल्याच बंदरात पुन्हा गेलात तर जहाजावरच थांबून पाहा. तरणतलाव रिकामा असतो आणि डेकवर हवी ती खुर्ची मिळते.

पायरी ८: उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी उद्या घालायचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढून पलंगावर मांडा. सगळ्या बॅगा स्वतः उचलता येत असतील तर स्वतःच घेऊन उतरण्याचा पर्याय निवडा, पहिल्या गटात सोडतात. बिल आदल्या दुपारीच तपासा, कारण सकाळी चौकशीच्या खिडकीवर मोठी रांग असते. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. धुक्यामुळे जहाज बंदराबाहेर ताटकळलं तर सकाळचं विमान हमखास चुकतं.