जुनी खेळण्यातली आगगाडी अस्सल आहे का, हे कसे तपासावे

सांगली-मिरजेतील एखाद्या जुन्या वाड्याचा माळा उपसला जातो किंवा पाचगणीतील एखादा बंगला सामानासह विक्रीस निघतो, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ढिगात क्वचित पत्र्याची आगगाडीही निघते. विकणारा तिला ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून पुढे करतो आणि घेणारा ते खरे मानायला आधीच उत्सुक असतो. अशा वेळी एकाच खुणेवर विसंबून किंमत ठरवू नये. शिक्का, रंग, स्क्रू, चाके, कपलिंग (डबे जोडणारा आकडा) आणि खोका हे सगळे साक्षीदार एकाच काळाची साक्ष देतात का, हे पाहावे. त्यांतला एक जरी फुटला, तरी पैसे देण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे.

साधने फारशी लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान चुंबक, व्हर्नियर कॅलिपर आणि नोटा तपासण्यासाठी मिळते तशी अतिनील प्रकाशाची बॅटरी एवढे पुरे. प्रथम रुळांचे माप घ्यावे. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर ३२ मिमी असेल तर ते ओ गेज, १६.५ मिमी असेल तर एचओ किंवा डबल-ओ, ४५ मिमी असेल तर गेज एक आणि ९ मिमी असेल तर एन गेज होय. हे माप काळाविषयीही बोलते. एन गेज १९६०च्या दशकात रूढ झाले, त्यामुळे ९ मिमीची गाडी कोणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची म्हणून दाखवली, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

त्यानंतर गाडी उलटी करावी. निर्मात्याचा शिक्का बहुधा तळाशी, टाकीच्या मागे किंवा चालकाच्या कक्षात असतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी गाड्या १९२०मध्ये सुरू केल्या, तर हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची मालिका १९३८मध्ये आली. डब्लोचे दोन रुळांचे मार्ग १९५९मध्ये आले, त्यापूर्वी ते तीन रुळांचेच होते. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ असे जोडनाव दिसते, म्हणून ते नाव असलेली गाडी आजोबांच्या लहानपणची असल्याचे सांगितले गेले, तर आजोबांचे वय विचारून घ्यावे. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीच्या शिक्क्यात ‘जीबीएन’ ही अक्षरे पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत आढळतात आणि नंतर ‘बीडब्ल्यू’ येतात. ही कंपनी १९३०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. गोपिंगेनची मेर्क्लिन कंपनी मात्र १८५९पासून आजही चालू असल्याने नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. देशाचे नावही उपयोगी पडते. ‘यू. एस. झोन जर्मनी’ असे छापलेली वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांतली असते, ‘वेस्टर्न जर्मनी’ त्यानंतरची, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ हा मजकूर १९५२पूर्वीचा.

इंजिनाच्या बाजूवरील रेल्वे कंपनीची अक्षरे हा पुढचा साक्षीदार. ब्रिटनमधील अनेक कंपन्यांचे एकत्रीकरण १९२३मध्ये होऊन एलएमएस, एलएनईआर, जीडब्ल्यूआर आणि सदर्न या चार कंपन्या उरल्या आणि १९४८मध्ये त्या सरकारी ‘ब्रिटिश रेल्वेज’मध्ये गेल्या. तेव्हा ‘ब्रिटिश रेल्वेज’ लिहिलेले इंजिन १९३५चे असू शकत नाही. आपल्या भागातील खरेदीदाराने येथे विशेष जपावे. पुणे-मिरज मार्ग पूर्वी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होता, मिरजेहून बार्शी लाइटची अरुंद गाडी पंढरपूरकडे जात असे, आणि ज्यांनी लहानपणी त्या गाड्या पाहिल्या त्यांना खेळण्यावर ‘एमएसएम’ (मद्रास अँड सदर्न मराठा) किंवा ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसले की हिशेब सुचत नाही. अशी अक्षरे दिसताच भिंग लावावे. कारखान्यातली अक्षरे ट्रान्सफरने, म्हणजे चिकटवायच्या छापील पापुद्र्याने, उमटवलेली किंवा छापलेली असल्याने त्यांच्या कडा सारख्या आणि जाडी एकसमान असते. हाताने रंगवलेल्या अक्षराला कुंचल्याचा उठाव असतो, आणि त्याखाली जुन्या अक्षराची पुसट कड तिरप्या उजेडात बहुधा सापडते.

रंगाची तपासणी सर्वांत अधिक वेळ घेऊन करावी, कारण बहुतेक फसवणूक येथेच होते. स्वस्त गाड्यांवर सपाट पत्र्यावर आधी लिथो छपाई होत असे आणि मग पत्रा कापून, दाबून, वाकवून त्याच्या कडेच्या अरुंद पट्ट्या, म्हणजे जिभा, खाचांत अडकवल्या जात. त्यामुळे अस्सल गाडीवरील चित्र वाकणाबरोबर वळते आणि जिभेच्या घडीवर रंगाला बारीक तडे असतात. जीभ दोनदा वाकवली गेली असेल, तर तेथे पांढरट धातू उघडा पडतो किंवा जीभ मुळाशीच फाटू लागते. म्हणजेच गाडी कधीतरी उघडली गेली आहे. जुन्या छपाईत रंगांचे सलग पट्टे असतात. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुले दिसली, तर तो अलीकडचा कागद किंवा स्टिकर समजावा. एनॅमल दिलेल्या महागड्या गाडीत स्क्रूच्या खाचेत, रिव्हेटच्या कडेला आणि आसाच्या टोकांवर पाहावे. कारखान्यात सुटे भाग रंगवून मग जोडत, म्हणून स्क्रूची खाच रंगाने भरलेली असणे हे पुन्हा रंगवल्याचे लक्षण आहे. स्क्रूला अधिक चिन्हाची खाच असेल, तर १९२०च्या दशकाचा दावा तेथेच संपतो, कारण असे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. अतिनील प्रकाशात डागडुजीचा भाग भोवतालच्या रंगाहून वेगळा उठून दिसतो.

चुंबक पत्र्याला चिकटतो. जस्ताच्या ओतीव भागाला आणि पितळेला चिकटत नाही. युद्धापूर्वीच्या ओतीव चाकांत शिशाची भेसळ झालेली असल्यास जस्त आतून फुगते, चिरते आणि शेवटी भुगा होते, आणि दमट हवेत हे लवकर घडते. चिरलेली चाके पाहून वस्तू टाकून देऊ नये, कारण असा रोग नव्या नकलेला सहसा नसतो. उलट जुन्या पत्र्याखाली गुळगुळीत, चकचकीत चाके असतील, तर ती बदललेली असू शकतात. बदल करणे गैर नाही, पण विकणाऱ्याने तो सांगायला हवा आणि किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी.

सांगलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००५ आणि २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरातील कित्येक घरांत दिवसेंदिवस उभे होते, आणि तेथून निघालेल्या वस्तूचा गंज वयाची खूण म्हणून सहज खपवला जातो. पुराचा गंज सांध्यांतून, रंगाखालून फोड येत वर येतो आणि चावीच्या यंत्रात दातऱ्यांमध्ये मऊ काळसर गाळ सापडतो. मुलांच्या हाताळणीची झीज मात्र ठराविक ठिकाणीच होते, म्हणजे चावीच्या भोकाभोवती, धुराड्याच्या काठावर, कपलिंगच्या आकड्यावर आणि चाकांच्या धावेवर. कोणी मुद्दाम पॉलिशपेपर फिरवला असेल, तर ओरखडे मुलाची बोटे पोचणार नाहीत तिथेही, एकाच दिशेने आणि सारख्या खोलीचे दिसतात.

खोका असल्यास किंमत पुष्कळ वाढते, म्हणून खोक्यांच्याही नकला होतात. मेकॅनोच्या अनेक खोक्यांवर छपाईचा महिना आणि वर्ष दाखवणारे बारीक अंक असतात. ते गाडीच्या काळाशी जुळतात का ते पाहावे. कागद उजळवणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे १९३०च्या म्हणवल्या जाणाऱ्या खोक्याचे लेबल अतिनील प्रकाशात निळे झळकू लागले, तर ते नवे छापलेले आहे. गाडी आतल्या खाचेत नेमकी बसते का, हेही पाहावे. दुसऱ्याच इंजिनाचा खोका जोडून देणे ही जुनी युक्ती आहे.

खरेदीपूर्वी गाडी धुऊ किंवा घासू देऊ नये. चावी जबरदस्तीने फिरवू नये. सुकलेल्या तेलाने अडकलेली स्प्रिंग ताण बसताच तुटते. तळाचा शिक्का, जिभा, स्क्रू, चाके आणि खोक्यावरील अंक यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, आणि पावतीवर ‘जुनी आगगाडी’ एवढेच न लिहिता निर्माता, अंदाजे काळ, बदललेले भाग आणि वस्तू कोणत्या घरातून आली हे लिहून घ्यावे.