मारहाण सोसणाऱ्या आईने बाल कल्याण समितीसमोर कसे जावे

घरात मारहाण होत असूनही अनेक स्त्रिया तक्रार करत नाहीत, कारण ‘सरकार मुले काढून घेईल’ अशी भीती त्यांच्या मनात असते आणि सासरची माणसे ती सोयीस्करपणे वाढवतात. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे, आणि आईला मार बसतो एवढ्याच कारणावरून कायदा तिला सांभाळास अपात्र ठरवत नाही.

बाल कल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती; ती ताब्याचा वाद मिटवणारे न्यायालय नव्हे. मूल सुरक्षित आहे की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. मुलांचा तात्पुरता ताबा हवा असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून त्यातच कलम 21 चा आदेश मागावा. हा अर्ज याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत विनामूल्य करता येतो. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो आणि त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. समितीपुढे जाण्याआधी हा अर्ज दाखल झालेला असेल, तर आईने स्वतःहून पावले उचलल्याचे कागदावर दिसते, आणि माझ्या मते याइतका उपयोगी दुसरा कागद नाही.

समितीने सामाजिक तपासणीचा आदेश दिला की कार्यकर्ता घरी येतो. घर लहान आहे, भाड्याचे आहे किंवा माहेरचे आहे, याचा संकोच बाळगू नये. मूल झोपते कुठे, शाळेत नियमित जाते का, आई कामावर असताना त्याच्याजवळ कोण असते, हे मात्र नेमके सांगता आले पाहिजे. लसीकरणाचे कार्ड, शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत एकाच पिशवीत ठेवावी.

‘इतकी वर्षे का राहिलीस?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. तो विचारायलाच नको, पण उत्तर तयार असावे. ‘तो मुलांसमोर फार त्रास द्यायचा’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘तो पिऊन आला की मी मुलांना शेजारी पाठवून दाराला कडी लावून घेत असे’ असे सांगावे, म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी तिने काय केले ते नोंदीत येते. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. समितीचा आदेश मान्य नसल्यास 30 दिवसांच्या आत अपील करता येते.

तातडीच्या वेळी मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत.

आई मुलांसह वेगळी राहू लागली असेल, तर महाराष्ट्रातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचीही चौकशी त्याच वेळी करावी. तिच्यात मुलाच्या सांभाळासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात आणि तिची मंजुरीही याच समितीकडून होते.