सेकंड हँड रायडिंग मोअर: आधी सीटखाली बघा, इंजिन नंतर ऐका

अमेरिकेत घराबरोबर पाव एकराचं लॉन मिळालं असेल, तर हा लेख इथेच सोडून द्या. तेवढ्याला ढकलायचा मोअर पुरतो, व्यायामही होतो. अर्ध्या एकराच्या पुढे गेलात, त्यात जमीन उंचसखल असली, की रायडिंग मोअरचा, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचा, विचार डोक्यात येतोच. असा नवा साधा, ४२ इंच रुंद पट्टा कापणारा मोअर (त्यालाच लॉन ट्रॅक्टरही म्हणतात) दोन-अडीच हजार डॉलरच्या घरात जातो. मग आपण फेसबुक मार्केटप्लेस किंवा क्रेगलिस्ट उघडतो. विकणारा म्हणतो, 'रन्स ग्रेट'. आपण जातो, किल्ली फिरवतो, इंजिन धडधडतं, थोडी घासाघीस होते आणि पैसे दिले जातात.

गोची अशी की 'इंजिन चालतंय' एवढंच बघून आपण समाधान मानतो. या यंत्रात इंजिनाची बहुतेक दुखणी स्वस्तात बरी होतात आणि सुटे भाग कुठेही मिळतात. पैसे बुडतात ते सीटखालच्या गिअरबॉक्सात आणि गवत कापणाऱ्या डेकमध्ये, आणि या दोन्ही जागा कुणी वाकून बघत नाही.

सपाट ड्राइववेवर दोन मिनिटं चालवून घेणं

आजकालच्या बहुतेक रायडिंग मोअरमध्ये हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स असतो. पेडल दाबलं की आतला पंप तेलाच्या दाबावर चाकं फिरवतो. पंप झिजला तरी तेल थंड आणि दाट असेपर्यंत काम भागतं. तेल तापून पातळ झालं की ते झिजलेल्या जागांतून निसटतं आणि मोअर चढावर दम टाकतो. म्हणजे गार मोअर सपाट ड्राइववेवर फिरवून बघितला, तर मरायला टेकलेला गिअरबॉक्ससुद्धा पास होणार.

त्यामुळे मोअर किमान वीस मिनिटं चालवा, जमलं तर गवत कापत. मग त्याच अंगणातल्या एखाद्या चढावर न्या. वेग पडत असेल, पेडल पूर्ण दाबूनही मोअर कण्हत असेल, तर भाव करत बसू नका, परत या. विकणारा 'वीस मिनिटं कशाला?' म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

घरगुती मोअरमध्ये टफ टॉर्क कंपनीचा के४६ नावाचा गिअरबॉक्स फार दिसतो, वेगवेगळ्या ब्रँडच्या रंगांखाली तोच बसलेला असतो. सपाट लॉनवर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. चढ-उताराच्या जमिनीवर, किंवा मागे मातीची ट्रॉली ओढायला लावली, की तो लवकर थकतो. त्याला तेल काढायचं बूच नाही. तेल बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून उलटा करावा लागतो, म्हणून बहुतेक मालक ते आयुष्यात एकदाही बदलत नाहीत. नवा बसवायला गेलात तर जुन्या मोअरच्या किमतीइतका खर्च सहज होऊ शकतो.

याच्या उलट चूकही होते आणि तिचा फायदा तुम्हाला होऊ शकतो. 'इंजिन चालतं, पण मोअर जागचा हलत नाही, ट्रान्समिशन गेलंय' अशी जाहिरात दिसली तर एकदा जाऊन बघा. मोअर हाताने ढकलता यावा म्हणून मागच्या बाजूला एक दांडा किंवा खटका असतो. तो ओढलेला असला की गिअरबॉक्स मोकळा होतो आणि पेडल दाबून काहीच होत नाही. कुणीतरी गराजमध्ये ढकलताना ओढला आणि विसरला, एवढीच कथा असू शकते. नाहीतर खालचा ड्राइव्ह बेल्ट निसटलेला असतो. दोन्ही ठीक असूनही हलत नसेल, तर मात्र विकणारा खरं बोलतोय.

रंग आणि नावावर भाळणं

हिरवा-पिवळा रंग दिसला की आपल्याला शेतातला ट्रॅक्टर आठवतो आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो. पण होम डेपो, लोज यांच्याकडे मिळणारी जॉन डिअरची १०० मालिका आणि त्यांचीच एक्स ५०० किंवा एक्स ७०० यांत रंगाखेरीज फार थोडं सारखं आहे. पहिली हलक्या कामाची, दुसऱ्यांची चौकट, धुरा, गिअरबॉक्स सगळं जाड. पंधरा वर्षं जुना पण नीट सांभाळलेला एक्स मालिकेतला ट्रॅक्टर मी चार वर्षांच्या १०० मालिकेपेक्षा आधी उचलेन, इंजिन चालल्याचे तास मीटरवर जास्त दिसले तरी.

क्राफ्ट्समन या सिअर्स दुकानांच्या ब्रँडचं कोडं वेगळं. सिअर्स स्वतः मोअर बनवत नसे, दुसऱ्यांकडून बनवून घेई. सीट उचला, मॉडेल नंबरची पट्टी वाचा. नंबर ९१७ ने सुरू होत असेल तर तो हस्कवार्ना कंपनीच्या घराण्यातला, २४७ ने सुरू होत असेल तर एमटीडी कंपनीचा. ब्रँड सिअर्सच्या हातून २०१७ मध्ये गेला तरी जुने मोअर अजून चिक्कार फिरतायत आणि हा नंबर माहीत असला की बेल्ट, स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा), पाती सगळं नेमकं मागवता येतं.

तासांच्या मीटरवर मात्र फार विसंबू नका. स्वस्त मॉडेलांत तो नसतो, असला तरी बदललेला असू शकतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन असेल तर त्यावर कोरलेला 'कोड' वाचा. पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. १४०५१२ ने सुरू होणारा कोड म्हणजे १२ मे २०१४ ला बनलेलं इंजिन. विकणारा 'चारच वर्षं जुना' म्हणत असेल तर हा आकडा त्याला शांतपणे दाखवा.

डेकखाली न वाकणं

गुडघे टेकायचा कंटाळा करू नका. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा, डेक पूर्ण वर घ्या आणि फोनचा टॉर्च खाली धरा. ओलं गवत पत्र्याला चिकटून राहतं आणि गंज आतून खात जातो, वरचा रंग मात्र तुळतुळीत. ज्या जागी पात्यांचे स्पिंडल बोल्टने बसवलेले असतात तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा दबला किंवा भेग दिसली तर नवीन डेकचा खर्च गृहीत धरा. वरून ताजा काळा स्प्रे मारलेला डेक दिसला तर दुप्पट वेळ वाकून राहा.

मग हातमोजा घालून प्रत्येक पातं हाताने फिरवा आणि वरखाली हलवा. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं, ते बदलता येतं. पातं फिरताना त्याचं टोक वरखाली जात असेल तर पातं किंवा स्पिंडल वाकलेला आहे, कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याची ती आठवण.

गरम इंजिन सुरू करून बघणं

निघण्याआधी विकणाऱ्याला सांगा, 'मी येईपर्यंत चालू करू नका.' पोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर गार असताना ते सुरू व्हायला त्रास देत असणार.

सुरू करण्याआधी तेलाची डिपस्टिक काढा आणि वास घ्या. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास म्हणजे कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही आणि टाकीतलं पेट्रोल झिरपून इंजिनात उतरतंय. असं पातळ झालेलं तेल वंगणाचं काम करत नाही, तेव्हा किल्ली फिरवूच नका. दुरुस्ती स्वस्त आहे: सुई आणि तेल बदलायचं, पेट्रोलच्या नळीवर एक बंद करायची तोटी बसवायची. तोवर किती तास ते तसंच पळवलंय, ते मात्र कळायला मार्ग नाही. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

सुरू होताना एकदाच निळसर धुराचा झोत आला तर फार घाबरू नका. धूर चालूच राहिला, तर ब्रिग्जच्या 'इंटेक' नावाच्या एका सिलिंडरच्या इंजिनात बहुधा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधली सीलची पट्टी) फुटलेलं असतं. ही त्यांची ठरलेली व्याधी. गॅस्केट महाग नाही, पण मेहनत आहे, ती किमतीतून वळती करा.

याच इंजिनांची आणखी एक लहर आहे. किल्ली फिरवल्यावर इंजिन अर्धा फेरा फिरून अडतं, जणू बॅटरी मेलीय. लोक नवीन बॅटरी आणतात, मग नवीन स्टार्टर, मग सोलेनॉइड (स्टार्टरला वीज सोडणारा स्विच), आणि रोग तसाच. खरा दोष बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या फटीत असतो. फट वाढली की सुरू होताना दाब थोडा सोडून देणारी योजना काम करत नाही आणि पूर्ण दाबाविरुद्ध स्टार्टर हरतो. वरचं झाकण काढून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मॅन्युअलमधल्या मापावर आणली की जुनीच बॅटरी इंजिन फिरवते. तासाभराचं काम.

गुढीपाडव्याला विकत घेणं

मार्च-एप्रिलमध्ये गवत जागं होतं आणि भावही. दिवाळीच्या सुमारास, जेव्हा लोकांना गराजमध्ये बर्फ उपसायच्या यंत्राला जागा करायची असते, तेव्हा तोच मोअर पुष्कळ स्वस्तात सुटतो. आणायची सोय आधी बघा. ४२ इंची डेकचा ट्रॅक्टर बाजूच्या गवत फेकायच्या तोंडासकट पन्नास इंचांच्या पुढे जातो, भाड्याच्या ट्रेलरची आतली रुंदी मोजून घ्या. मोअरला गाडीसारखं टायटल (मालकीचा सरकारी कागद) नसतं, म्हणून मॉडेल आणि सिरिअल नंबर घातलेली साधी विक्रीची पावती दोघांच्या सहीने करा.

घरी आणल्यावर

अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा वेग अर्धवट ठेवून, कापणं ही आपल्या लोकांची खास सवय. पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो असं वाटतं. पण या इंजिनांना पंख्याची हवा थंड करते, आणि पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो. वेग कमी तर हवा कमी, पात्यांचा वेग कमी आणि गिअरबॉक्सचा पंखाही मंद. कापताना थ्रॉटल पूर्ण वर ठेवा, वेग पेडलने कमी करा.

वर्षातून एकदा इंजिनावरचं प्लास्टिक आणि पत्र्याचं आवरण काढा. आत सुकं गवत गच्च बसलेलं असतं, कधी हिवाळ्यात उंदरांनी घरटंही केलेलं असतं. थंडाव्याच्या पट्ट्या अशा बुजल्या की इंजिन आतून भाजतं आणि वरून काहीच कळत नाही. तेल साधारण ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा बदला. मोटारीच्या दुकानातला साधा व्ही-बेल्ट चालवू नका, दिसायला सारखा असला तरी डेकवर तो फार टिकत नाही. जुना काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो मात्र काढा. धार लावून पाती परत बसवताना ती उलटी बसवणारे दरवर्षी भेटतात: पात्याचा उचललेला पंख वर, डेकच्या दिशेला.

पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेवढं चालतं, पण ई१५ लिहिलेल्या नळीला हात लावू नका. छोट्या इंजिनांत ते वापरायला कायद्यानेच मनाई आहे. हिवाळ्याआधी टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) घालून इंजिन काही मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. हे न केल्यामुळेच वसंतात इंजिन 'घुंऽऽ-घुंऽऽ' असं वरखाली हिंदकळतं: जुन्या पेट्रोलचा चिकटा बारीक छिद्रात बसलेला असतो.

किल्ली फिरवून एकही आवाज येत नसेल, तर आधी ब्रेक पूर्ण दाबलाय का, पात्यांचा खटका बंद आहे का, सीटखालच्या स्विचची वायर निघालीय का, हे बघा. मग बॅटरीची टोकं. मेकॅनिकला बोलवायची वेळ यानंतर येते.

उतारावर रायडिंग मोअर वरखाली चालवा, आडवा नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा दिलेली असते. आणि भारतातून आलेल्या आजोबांनी कौतुकाने नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारायचं म्हटलं, तर सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तरी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स सोळा वर्षांखालच्या मुलांना रायडिंग मोअर चालवूसुद्धा देऊ नका म्हणते. मांडीवर बसवण्याचा तर प्रश्नच नाही. रिव्हर्स घेताना मान वळवून मागे बघायचंच, मुलं घरात आहेत असं वाटत असलं तरी.

कापलेल्या लॉनवर एका बाजूला गवत उंच राहतंय अशी तक्रार असेल, तर डेकचे स्क्रू फिरवायच्या आधी चारही टायरांची हवा मोजा. साधारण १० ते १४ पीएसआय लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हवा सारखी केल्यावरही फरक राहिला तरच डेकची पातळी लावा, पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं खाली ठेवून.